नोटीस आली म्हणजे घर गेलं, असं नाही

मुंबईत भाड्याच्या घरातून माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार घरमालकाला नाही. त्याने आणलेल्या बिल्डरला नाही, पावत्या फाडायला येणाऱ्या मेहताजीला नाही, पोलिसांनाही नाही. तो अधिकार न्यायालयाचा, किंवा काही बाबतींत कायद्याने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याचा. आणि निकाल मालकाच्या बाजूने लागला तरी ताबा घ्यायचा तो रीतसर अंमलबजावणीतून, कोर्टाच्या बेलिफाकरवी. चार माणसं आणून सामान जिन्यात ठेवणं हा ताबा घेण्याचा मार्ग नव्हे.

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील आहे. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांची कामं आमच्याकडे येतात, आणि माझ्या वाट्याला येतात त्यातली बरीचशी भाडेकरूंची असतात. या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. गरीब भाडेकरूचं घर बहुतेक वेळा कायदा विरोधात होता म्हणून जात नाही, मुदत चुकली म्हणून जातं. कागद हातात पडतो, छातीत धस्स होतं, घरात कुणाला कळू नये म्हणून तो कपाटात कपड्यांखाली जातो. तीन महिन्यांनी शेजारी कुणीतरी म्हणतं, अहो, वकिलाला तरी दाखवा. तोवर कायद्याने दिलेली सगळ्यात मोठी सवलत संपलेली असते. म्हणून हा लेख मुख्यतः त्या मुदतींबद्दल आहे.

कुलूप बदललं असेल तर

ही अवस्था सगळ्यात घाईची, म्हणून तिच्याबद्दल आधी. गावाहून परत आलात आणि दाराला दुसरंच कुलूप आहे, किंवा पाण्याची लाइन तोडली आहे, मीटर काढून नेला आहे. पोलीस चौकीत गेल्यावर ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’ असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच असते. तरीही लेखी तक्रार द्याच आणि तिच्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. त्या दिवशी तुम्ही त्या घराचे ताबेदार होतात आणि तुम्ही लगेच आवाज उठवलात, याचा तो पुरावा असतो.

मग विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चं कलम 6. कायदेशीर मार्ग सोडून कुणी तुम्हाला घराबाहेर काढलं असेल तर घर कुणाचं, करार संपला होता का, भाडं थकलं होतं का, या वादात न शिरता न्यायालय आधी ताबा परत देऊ शकतं. अट एकच: बाहेर काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली कृष्णा राम महाळे यांच्या प्रकरणात हे अगदी स्पष्ट सांगितलं. लायसन्सची (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायच्या परवानगीची) मुदत संपलेली असली तरी ज्याचा स्थिर ताबा आहे त्याला कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येतं, दांडगाईने नाही.

पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास यांसारख्या गरजेच्या सोयी तोडण्याविरुद्ध महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात वेगळं कलम आहे, 29 नंबरचं. भाडेकरू न्यायालयात अर्ज करून सोय पूर्ववत करून घेऊ शकतो, आणि सोय तोडणाऱ्या मालकाला शिक्षाही होऊ शकते. अर्जासोबत तोडलेल्या पाइपचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि शेजारच्या दोघांची प्रतिज्ञापत्रं असली की काम बरंच पुढे सरकतं.

तुम्ही भाडेकरू की लायसन्सी?

ऑफिसात कुणी आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘भाड्याने राहतो’ एवढंच येतं. पण कायद्याच्या नजरेत भाड्याने राहणारे दोन प्रकारचे आहेत आणि दोघांचं नशीब अगदी वेगळं आहे.

पहिला प्रकार जुन्या भाडेकरूंचा. गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव, दादर इथल्या चाळी, पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर घेतलेल्या) खोल्या, आजोबांच्या नावाच्या पावत्या. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने त्यांना संरक्षण दिलं. विदर्भ आणि मराठवाड्यात तेव्हा वेगळे कायदे होते. ते सगळे बाजूला करून राज्यभर एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. या कायद्याखालचा भाडेकरू, कायद्यात मोजून दिलेल्या कारणांपैकी एखादं कारण मालकाने सिद्ध केल्याशिवाय हलवता येत नाही. भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येतं. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, ज्याला सगळे स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात. एक धोबी तलावला, दुसरं वांद्रे पूर्वेला. जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीशांसमोर. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना हे संरक्षण नाही. पण आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाला त्याची काळजी करायचं कारण नसतं.

दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचा. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलाल. आज शहरात नव्याने घर घेणारा जवळजवळ प्रत्येक जण या खाली येतो. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत तुम्ही ‘मला बाजू मांडायची परवानगी द्या’ असा शपथेवरचा अर्ज केला नाही, तर मालकाचं म्हणणं तुम्ही कबूल केलंत असं धरलं जातं. मुदत संपूनही राहिलात तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. आणि लेखी करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा समजला जातो. ‘कागदावर लायसन्स होतं, पण खरं तर मी भाडेकरूच’ हा बचाव इथे जवळपास चालत नाही.

मग लायसन्सीच्या बाजूने काहीच नाही का? आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, अकरा महिन्यांचाही, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम 55 म्हणतं की तसा नोंदणीकृत करार नसेल तर अटी-शर्तींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही. स्टॅम्पपेपरवर सही घेऊन, एकच प्रत काढून ती स्वतःकडे ठेवणारे मालक या कलमाला घाबरतात, आणि घाबरावंच.

झोपडपट्टीत भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तो भाग अधिकृतपणे झोपडपट्टी म्हणून घोषित झालेला असेल, तर 1971 च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम 22 प्रमाणे राहणाऱ्याला काढण्याची कारवाई सुरू करण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती न घेता लावलेला दावा तिथेच अडवता येतो. ही तपासणी पहिल्याच दिवशी करायची असते आणि फार जण ती विसरतात.

थकलेलं भाडं: दोनदा नव्वद दिवस

जुन्या भाडेकरूंवरच्या दाव्यांत थकबाकी हे सगळ्यात नेहमीचं कारण. आणि इथेच कायदा भाडेकरूला सगळ्यात जास्त सवलत देतो.

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 15 ची भाषा अवघड आहे, पण गाभा सोपा आहे. जो भाडेकरू भाडं देतो आहे किंवा द्यायला तयार आणि राजी आहे, त्याला थकबाकीसाठी घराबाहेर काढता येत नाही. मालकाला दावा लावायचा असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबावं लागतं. या 90 दिवसांत सगळं देणं चुकतं केलं तर त्या नोटिशीतला दमच संपतो. नाही जमलं आणि मालकाने दावा लावला, तर समन्स मिळाल्यापासून आणखी 90 दिवस मिळतात. त्या मुदतीत सगळं थकलेलं भाडं, कायद्याने मान्य असलेली वाढ आणि त्यावर वर्षाला 15 टक्के सरळ व्याज न्यायालयात भरायचं, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा, आणि पुढे दाव्याचा शेवट होईपर्यंत दरमहा भाडं भरत राहायचं. एवढं केलं तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा, म्हणजे घर मालकाला द्या असा न्यायालयाचा निकाल, होत नाही.

आकड्यांत बघू. भाडं महिना 450 रुपये आणि तीन वर्षं थकलेली. मुद्दल 16,200 रुपये. प्रत्येक महिन्याच्या रकमेवर ती थकल्यापासून व्याज मोजलं तर ते साडेतीन हजारांच्या आसपास जातं. म्हणजे कायद्याने मान्य असलेली वाढ आणि खर्च सोडून वीस हजारांच्या आत-बाहेर. धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी ही रक्कम लहान नाही, पण बचत गटातून, पतपेढीतून, नातलगांकडून तीन महिन्यांत उभी राहू शकते. घर गेल्यावर त्याच शहरात दुसरं घेण्यासाठी लागणारी रक्कम उभी राहणार नाही. म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे. मालकाने खोटी थकबाकी दाखवली आहे असं तुमचं म्हणणं असलं तरी, वाद राखून ठेवून, रक्कम कोर्टात भरा. तत्त्वासाठी भांडायचं ते नंतर भांडता येतं. 90 दिवस उलटल्यावर न्यायाधीशांना वाईट वाटलं तरी त्यांच्या हातात फारसं उरत नाही.

आणि ‘दरमहा’ म्हणजे दरमहा. पहिला मोठा भरणा केला, मग पावसाळ्यात काम नव्हतं म्हणून चार महिने राहिले, मग एकदम भरले, अशा भरण्यावर मालकाचा वकील नेमका बोट ठेवतो. मी अशिलांना सांगते की पगार झाला की आधी कोर्टाचं चलन, मग वाणसामान.

आता थकबाकी होते कशी ते बघा, कारण कितीतरी वेळा ती भाडेकरूने केलेलीच नसते. इमारत विकली जाते. नवा मालक येतो आणि भाडं घेणंच बंद करतो. मेहताजी यायचा थांबतो. भाडेकरूला वाटतं, घ्यायला येतील तेव्हा देऊ. दोन-तीन वर्षं गेली की थकबाकीची नोटीस येते. यावर उपाय एकच, आणि तो त्याच महिन्यात करायचा: भाडं मनीऑर्डरने पाठवा, किंवा खातं माहीत असेल तर बँकेतून. मनीऑर्डर ‘नाकारली’ असा शेरा मारून परत आली तर तो कागद लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवा. (लॅमिनेट केलेल्या मूळ कागदाच्या मागची बाजू, शाई, शिक्के तपासताना अडचण येते.) भाडं द्यायला तुम्ही तयार होतात हे त्याच कागदातून दिसतं. भाड्याची पावती देणं मालकावर सक्तीचं आहे, कलम 31 प्रमाणे. तो देत नसेल तर तसं पत्र लिहून पोस्टाने पाठवा आणि पोच ठेवा.

वकील कुठून आणायचा

नव्वद दिवस मोजायला सुरुवात झाली की पुढचा प्रश्न वकिलाचा. राज्यघटनेच्या कलम 39-अ मध्ये मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व 1976 च्या दुरुस्तीने आलं. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 चा आणि तो लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला. या कायद्याखाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्न न बघता मदत मिळते. हे फार लोकांना माहीत नसतं. घरातल्या बाईचं नाव पावतीवर असेल किंवा तिलाही प्रतिवादी केलं असेल, तर तिच्या नावाने अर्ज होतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. माझ्या मते मुंबईसाठी ती फार अपुरी आहे. महिना 26,000 मिळवणारा आणि चार जणांचं कुटुंब चालवणारा सुरक्षारक्षक तिच्या बाहेर पडतो, आणि बाहेरच्या वकिलाची फी त्याला कुठल्याच हिशेबाने झेपत नाही.

अर्ज तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा. ही कार्यालयं बहुधा न्यायालयाच्या आवारातच असतात. फोनवर माहिती हवी असेल तर 15100 हा देशभराचा क्रमांक आहे. उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. तहसीलदारांचा दाखला मिळेपर्यंत अर्ज अडवून ठेवायचं कारण नाही, हे खिडकीवर ठामपणे सांगायला हरकत नाही. मदत मंजूर झाली की वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्च प्राधिकरण करतं. नेमलेल्या वकिलाने अशिलाकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. कुणी मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा. वकील तारखेला हजर राहत नसेल तर बदलून मागता येतो, आणि तसं मागितलं म्हणून तुमची मदत बंद होत नाही. पॅनेलच्या वकिलांना मानधन कमी मिळतं हे खरं आहे आणि ते वाढायला हवं. पण त्याची किंमत भाडेकरूने चुकलेल्या तारखांनी मोजायची नाही.

कार्यालयात येताना कागदांची पूर्ण पिशवी आणा. निवड करून आणू नका. कुठला कागद कामाचा ते आम्ही ठरवू.

विजेचं बिल कसं वाचलं जातं

थकबाकी सोडून मालकाकडे इतर कारणं असतात: पोटभाडेकरू ठेवला, लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, घराचं नुकसान केलं. सगळी कलम 16 मध्ये आहेत. यातलं एक कारण कोकणातल्या, घाटावरच्या मुंबईकरांना नेमकं जड जातं: सलग सहा महिने घर योग्य कारणाशिवाय वापरात नव्हतं.

गिरणीतून किंवा गोदीतून निवृत्त झालेले आजोबा-आजी गावी जाऊन येऊन असतात. होळीला जातात, पेरणीला थांबतात, गणपती करून परततात. मालक म्हणतो, खोली बंद आहे. मग मी पिशवीतून विजेची बिलं काढते आणि तारखेच्या क्रमाने टेबलावर मांडते. रक्कम बघायची नसते, युनिटचा रकाना बघायचा. बंद घरालाही स्थिर आकार लागतो, त्यामुळे बिल येतंच. पण फ्रिज, पंखा आणि दिवा चालणाऱ्या खोलीचे युनिट आणि बंद खोलीचे युनिट यांत फरक असतो. दावा लागायच्या लगतच्या आधीचे सहा महिने मोजायचे. चार महिने शून्य, पाचव्याला चाळीस, सहाव्याला पस्तीस असं दिसलं तर मालकाचं कारण तिथेच लंगडं पडतं. सहाही महिने शून्य असतील तर कारण शोधायचं: आजोबांचं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं, डिस्चार्जचा कागद आहे का, सून गावी बाळंतीण होती का. आजारपणासाठी गेलेला माणूस घर सोडून गेलेला नसतो, पण ते कागदाने दाखवावं लागतं. सिलिंडरची पुस्तिका, रेशनचा माल उचलल्याच्या नोंदी, शाळेचा दाखला, मतदार यादी, हे सगळं इथे उपयोगी पडतं.

रेशनकार्ड आणखी एका ठिकाणी कामाला येतं. भाडेकरू वारला की मालक म्हणतो, आता भाडेकरारही संपला. तसं नाही. मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होऊ शकतो. ‘सोबत राहणारा’ हे सिद्ध करायचं असतं. म्हणून आजीच्या रेशनकार्डावर नातवाचं नाव, त्याच्या आधारवर तोच पत्ता, कॉलेजच्या फॉर्मवर तोच पत्ता असेल तर पुढची भांडणं अर्धी होतात. पावती मात्र वर्षानुवर्षं मयताच्या नावाने निघत राहते. वारसाने बदलून मागितल्याचं एक तरी पत्र फायलीत असावं.

‘मला माझी खोली हवी आहे’

मालकाची प्रामाणिक आणि वाजवी गरज हे सगळ्यात अवघड कारण, कारण कधी कधी ते खरंही असतं. मालकही श्रीमंत असतोच असं नाही. दोन खोल्यांचा मालक आणि त्याच्या लग्नाच्या मुलाला जागा नाही, हे मी पाहिलेलं आहे. कायद्याने त्यासाठी तोल सांभाळायची एक तरतूद ठेवली आहे. गरज सिद्ध झाली तरी, ताबा दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास हा न दिल्याने मालकाला होणाऱ्या त्रासापेक्षा जास्त असेल, तर न्यायालय ताबा देत नाही. अर्ध्या जागेने दोघांचं भागत असेल तर तेवढ्यापुरताच हुकूमनामा होतो.

हा त्रास नुसता सांगून चालत नाही. ‘आम्ही गरीब आहोत, कुठे जाणार?’ एवढ्या वाक्यावर न्यायालय निकाल देत नाही. तुम्ही दुसरी जागा शोधली का, किती भाडं सांगितलं, पगार किती, मुलांची शाळा कुठे, डायलिसिस कुठल्या रुग्णालयात चालतं, हे सगळं साक्षीत यावं लागतं. जागा शोधल्याचा काहीच पुरावा नसेल तर ते भाडेकरूच्या विरोधात जातं. उलटतपासात आम्ही मालकाला विचारतो: या इमारतीत गेल्या काही वर्षांत किती खोल्या रिकाम्या झाल्या, त्या कुणाला दिल्या? गरज खरी नसेल तर उत्तर द्यायला वेळ लागतो. आणि या कारणावर ताबा घेऊन मालक महिन्याभरात राहायला आलाच नाही, किंवा वर्षाच्या आत खोली दुसऱ्याला दिली, तर जुना भाडेकरू परत ताबा मागू शकतो. खोली गेल्यावरही थोडे दिवस तिच्याकडे लक्ष ठेवा, ते याचसाठी.

इमारत धोकादायक ठरली तर

महापालिका कायद्याच्या कलम 354 ची नोटीस आली की पोटात गोळा येतो, आणि यावेळी भीती दोन्हीकडून असते. छत डोक्यावर पडेल याची, आणि एकदा बाहेर पडलो की परत येता येणार नाही याची. दुसऱ्या भीतीपोटी लोक पहिली अंगावर घेतात, आणि दर पावसाळ्यात त्याचे परिणाम आपण वाचतो. म्हणून हे नीट समजून घ्या: इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शहा रतनशी खिमजी यांच्या प्रकरणात तसं ठरवलं आहे. भाडेकराराला जमिनीचाही आधार असतो, फक्त भिंतींचा नाही.

पण बाहेर पडण्यापूर्वी महापालिकेकडून तुमच्या नावाची आणि खोलीच्या चटई क्षेत्रफळाची नोंद करून घ्या आणि तिची प्रत मिळवा. भिंत नसताना खोली किती मोठी होती हे सांगायला दुसरं काही उरत नाही. दुरुस्ती होण्यासारखी असेल तर स्वतंत्र स्ट्रक्चरल ऑडिट करून घेऊन नोटिशीला आव्हान देता येतं, मात्र ते लगेच. दुरुस्ती करणं हे मुळात मालकाचं कर्तव्य आहे. त्याला किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. जुन्या भाड्यांचा चौथा हिस्सा म्हणजे सिमेंटच्या दोन-चार गोण्या, त्यामुळे ही तरतूद मला आज नावापुरतीच वाटते.

निकाल विरोधात गेला तर

समन्स आलं आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्याचा अर्ज 30 दिवसांत करायचा असतो. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, द्यायलाही 30 दिवस, न्यायालयाने वाढवून दिले तर 90 पर्यंत. दावा लढून हरलात तर अपिलाला पुन्हा 30 दिवस. मुंबईत हे अपील लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे, बाहेर जिल्हा न्यायालयात. दुसरं अपील नाही. त्यानंतर दाद मागायची ती उच्च न्यायालयात.

अपील दाखल केलं म्हणजे आपोआप स्थगिती मिळत नाही, आणि इथे गरिबांची सगळ्यात मोठी कोंडी होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सुपर मॅक्स प्रकरणापासून राज्यात हे पक्कं झालं आहे की हुकूमनाम्यानंतर स्थगिती हवी असेल तर जुन्या भाड्याऐवजी बाजारभावाच्या जवळपासची रक्कम दरमहा भरायला न्यायालय सांगू शकतं. साडेचारशे रुपये भाडं देणाऱ्याला एकदम काही हजारांचा आकडा ऐकू येतो. तो कमी करून घेण्यासाठी उत्पन्नाचे कागद, इमारतीची अवस्था, सामाईक संडास, गळकं छप्पर हे सगळं पहिल्याच सुनावणीत मांडायला लागतं. म्हणून खालच्या कोर्टातला दावा ‘बघू, अपिलात लढू’ म्हणून सैल सोडू नका.

तडजोड करताना

बरेचसे दावे शेवटी तडजोडीने मिटतात, कधी लोकअदालतीत. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. त्यामुळे सही करण्यापूर्वी प्रत्येक कलम कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या आणि समजलं नाही तर त्या दिवशी सही करू नका. तारीख वाढवून मागता येते, सही मागे घेता येत नाही.

मी तडजोडपत्रात चार गोष्टी आधी शोधते. रक्कम किती, ती कधी मिळणार, ताबा कधी द्यायचा, आणि ठरल्याप्रमाणे झालं नाही तर काय. ‘ताबा दिल्यावर तीन महिन्यांत रक्कम देऊ’ असं असेल तर ते खोडायला लावते. किल्ली आणि डिमांड ड्राफ्ट एकाच दिवशी, कोर्टासमोर. पुनर्विकासात नवी खोली मिळणार असेल तर तिचं क्षेत्रफळ, मजला, तोवरचं पर्यायी जागेचं भाडं आणि ते थांबलं तर काय करायचं, हे नोंदणीकृत करारातच हवं. बिल्डरच्या लेटरहेडवरचं आश्वासन पुरत नाही.

आणि कधी कधी घर वाचतच नाही. तेव्हा मुदत मागणं हेच काम उरतं. परीक्षा मार्चमध्ये असेल तर मेपर्यंत, घरात कुणी आजारी असेल तर त्याहून पुढे. न्यायालयं अशी मुदत बऱ्याचदा देतात. त्या बदल्यात ‘अमुक तारखेला ताबा देईन, मध्ये दुसऱ्या कुणाला ठेवणार नाही’ अशी लेखी हमी द्यावी लागते. घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांच्या त्यावर सह्या होतात, आणि ती हमी मोडली तर न्यायालयाचा अवमान होतो. म्हणून तारीख लिहिण्यापूर्वी त्या तारखेला तुम्ही खरोखर कुठे राहायला जाणार आहात, हे मला सांगा. ठिकाण ठरलेलं नसेल तर आपण पुढची तारीख मागू.